विंगेतल्या कुंदाताई

कुंदाताईंची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायची. प्रॉम्प्टरच्या बाबतीत हा मोठा दोष मानतात. आमच्याकडे ती सोय होती. नट वाक्य विसरला की ते विंगेतून यायचं, प्रेक्षकांना गोष्ट कळायची, आणि मग नट सावकाश मागून येऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. टिटवाळ्यात आमचं नाटक असं दोनदा ऐकायला मिळायचं, आणि त्याला तिकीटही नव्हतं.

आमच्या कला केंद्राला एक भारदस्त संस्कृत नाव होतं, पण ते पाटीवरच राहिलं. सगळे म्हणायचे गिरणी. कारण ती खरोखरच भाताची गिरणी होती. यंत्रं गेली, आजूबाजूची शेतं गेली, तिथे सात-सात मजली इमारती आल्या, आणि पत्र्याची ती शेड मध्येच उरली. मालक पाटील इथलेच जुने. कुंदाताई चावी मागायला गेल्या तेव्हा ते म्हणाले होते, "कर गो बाय तुजा नाटक. पन माझ्या भिंती पारू नको." भिंती शाबूत राहिल्या. सकाळी तिथे मुलींचं भरतनाट्यम चालायचं, दुपारी बायकांचं भजन, संध्याकाळी पेटीचा क्लास आणि त्यानंतर आमच्या तालमी. "मम्मी गिरणीत गेलीये" असं एखादं पोर सांगायचं तेव्हा मम्मी दळणाला गेलेली नसायची.

हे सगळं कुंदाताई एकट्या चालवायच्या. सकाळी कुलूप उघडण्यापासून ते शेवटी पंखे बंद झालेत का बघण्यापर्यंत. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कल्याणला. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "लाइन बिझी होती." आवाज बारीक, धारदार आणि श्वास न लागता येणारा. एक्स्चेंजमध्ये शेजारणीला त्रास न होता बोलायची सवय लागली होती म्हणे. मी बँकेतून रिटायर होईपर्यंत मला तरी असा आवाज दुसऱ्या कुणाचा ऐकायला मिळाला नाही.

गिरणीत येणारा प्रत्येक नवा माणूस दारातच एक वाक्य म्हणायचा: मला पाठ होत नाही हो. नव्या इमारतीतल्या बायका म्हणायच्या, रिटायर झालेले काका म्हणायचे, मीही म्हणालेलो. त्यावर कुंदाताईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "पाठ करायला कोणी सांगितलंय? तुम्ही फक्त उभे राहा. अडलं की मी आहे."

हे त्या नुसतं धीर द्यायला म्हणत नसत, ती त्यांची पद्धतच होती. दुसरीकडे प्रॉम्प्टर हा नाइलाज असतो, आमच्याकडे तो पाया होता. मेंदूच्या कुठल्याही अवस्थेतला माणूस गिरणीच्या स्टेजवर उभा राहू शकायचा. विसरण्याची भीतीच काढून घेतल्यावर माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. आयुष्यभर नवऱ्यासमोर मान वर न केलेली एक बाई आमच्या नाटकात सासऱ्याला घराबाहेर काढायची, आणि असं काढायची की पहिल्या रांगेतला तिचा सासरा टाळ्या वाजवायचा. तिला वाक्य मात्र एकही येत नव्हतं. सगळी विंगेतून.

वाक्य देण्याचं त्यांचं शास्त्र होतं. ते त्यांनी मला एकदा समजावलं. "तोंडाकडे बघायचं नाही रे, माणूस विचार करतोय की विसरलाय ते तोंडावर कळत नाही. ओठ बघायचे. ओठ हलून थांबले, की अडला. लगेच दोन शब्द द्यायचे. त्याला घाबरायला वेळच द्यायचा नाही." प्रयोग चालू असताना त्या विंगेत स्टुलावर बसायच्या, मांडीवर संहिता, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नजर थेट बोलणाऱ्याच्या ओठांवर.

ही सवय गिरणीबाहेरही सुटायची नाही. भाजीवाला "ताई, आज भेंडी जरा..." म्हणाला की त्या "महाग आहे" म्हणून मोकळ्या. कोणाकडे भेटायला गेल्या आणि घरातली बाई रडता रडता "हे गेले आणि मला नुसतं..." इथवर येऊन थांबली, की कुंदाताई हळूच "रिकामं वाटतंय" म्हणायच्या. ती बाई "हो, हो, रिकामं" म्हणून आणखी रडायची. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. पण शब्द बरोबर असायचा, हे खरं.

एकदा आम्ही कल्याणला एका स्पर्धेत उतरलो. बक्षीस समारंभात परीक्षक माइकवर म्हणाले, "टिटवाळ्याच्या नाटकात सर्वांत स्पष्ट उच्चार विंगेतून ऐकू आले." सभागृह हसलं. आमची तोंडं उतरली. कुंदाताई मात्र चौथ्या रांगेतून उठल्या, पदर सावरला आणि चारी दिशांना नमस्कार केला. परत जाताना स्टेशनबाहेर थांबून त्यांनी सगळ्यांसाठी पेढे घेतले. मी म्हटलं, "ताई, तो टोमणा होता." त्या म्हणाल्या, "मला कळत नाही काय? पण खोटं कुठे बोलला तो? घे पेढा."

आता शिर्केकाकांबद्दल सांगायला हवं. मूळचे चिपळूणकडचे, शहाडला कारखान्यात नोकरी केली आणि नंतर टिटवाळ्याला फ्लॅट घेतला. भला मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि विसरण्यात गिरणीतला पहिला नंबर. त्यांचं विसरणं हे आमच्या नाटकांचं आकर्षण होतं. ते थांबायचे, मिशीतल्या मिशीत हसायचे, विंगेकडे मान वळवायचे. लोकांना ते इतकं आवडायला लागलं की प्रेक्षकच वाक्य सांगायला लागले. आधी पुढच्या रांगेतली मुलं, मग सगळेच. काका वाक्य पकडायचे, प्रेक्षकांना सलाम ठोकायचे आणि पुढे जायचे. कुंदाताईंना हे फार आवडायचं. म्हणायच्या, "बघ, अख्खं गाव प्रॉम्प्टर झालंय."

त्या वर्षी गिरणीचा वर्धापनदिन रविवारी दुपारी होता. नाटक आमच्यातल्याच एकीने लिहिलेलं, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचा फार्स. शिर्केकाका मुलीचे वडील, मी पाहुणा. काका खुर्चीत, मी समोरच्या खुर्चीत, मध्ये टीपॉय. माझं वाक्य झालं, आणि काकांनी आत हाक मारून म्हणायचं होतं, "अगं, पाहुण्यांना चहा आण." एवढंच.

त्यांचे ओठ हलले आणि थांबले.

विंगेतून आलं, "अगं, पाहुण्यांना..."

काकांनी पुन्हा प्रयत्न केला. काहीतरी आवाज आला, पण शब्द झाला नाही. लोक हसायला लागले. त्यांच्या हातातला पेपर घसरून खाली पडला, आणि लोक आणखी हसले. मीही हसलो. मला वाटलं आज काका जरा रंगात आलेत. कुंदाताईंनी वाक्य परत दिलं, मग पूर्ण वाक्य दिलं. तोवर प्रेक्षकांनी उचललं होतं. "चहा आण! चहा आण!" मुलं टाळ्यांवर म्हणायला लागली. पहिल्या रांगेतून शिर्केकाकू हसत हसत ओरडल्या, "अहो, चहा!" विंगेतून तोच बारीक आवाज, न थकता, एकेक शब्द सुटा करून, "पाहुण्यांना. चहा. आण." काका माझ्याकडे बघत होते. मिशीची एक बाजू वर गेली होती, दुसरी जागेवरच होती. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि मी ते बघितलं आणि मला ते कळलं नाही. मग ते हळूहळू खुर्चीतून एका बाजूला कलले, आणि टाळ्या अजून थोडा वेळ चालूच राहिल्या.

दुसऱ्या कुठल्याही स्टेजवर एखादा माणूस असा गप्प झाला असता तर कोणीतरी धावलं असतं. आमच्याकडे गप्प होणं ही रोजचीच गोष्ट होती. किंबहुना तीच गिरणीची खासियत होती.

कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कधी सुरू झालं?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुंदाताई पुढे झाल्या. म्हणाल्या, "मी पहिलं वाक्य दिलं तेव्हा." डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही. "म्हणजे किती वेळ झाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "मी बऱ्याच वेळा दिलं हो." डॉक्टरांनी वेळेचं महत्त्व सांगितलं, मग आमचे चेहरे बघून असंही सांगितलं की थोडं आधी आणलं असतं तरी हेच झालं असतं कदाचित. कुंदाताईंनी त्यातला पहिला भाग ऐकला. दुसरा भाग त्यांनी कधीच ऐकला नाही.

काका वाचले. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द येत नव्हता.

घरी आणल्यावर कुंदाताई काकूंकडे गेल्या, मी बरोबर होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या, चप्पलही काढली नाही. म्हणाल्या, "काकू, मला तुमची माफी मागायचीय." काकूंनी त्यांचा हात धरून आत घेतलं आणि रडायलाच लागल्या. "तुम्ही कसली माफी मागता ताई? मी पण ओरडत होते ना. बायको असून मला कळलं नाही, तर तुम्हाला काय कळणार होतं?" मला वाटलं, झालं, दोघी एकत्र रडतील आणि थोडं हलकं होईल. कुंदाताई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही लांब होतात. मी विंगेत होते. आणि मी ओठच बघत बसले."

गिरणीला कुलूप लागलं. पेटीचा क्लास दुसरीकडे गेला. भजनाच्या बायका गणपतीच्या देवळात बसू लागल्या. कुंदाताई रोज शिर्क्यांकडे जायच्या. काकूंचे गुडघे धरलेले, त्यामुळे काकांना कल्याणला बोलण्याच्या उपचारासाठी न्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तिथली बाई लहान वयाची, हसतमुख. चित्र दाखवायची आणि काकांनी नाव सांगायचं. पहिल्याच दिवशी तिने छत्रीचं चित्र धरलं. काका "छ... छ..." करत राहिले, आणि मागून कुंदाताईंच्या तोंडून "छत्री" निघून गेलं. ती म्हणाली, "मावशी, शब्द द्यायचा नाही हं. दिला की त्यांचा मेंदू शोधायचं सोडून देतो." पुढचं चित्र केळ्याचं. कुंदाताई, "केळं!" ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाहेर बसवलं म्हणे शाळेतल्यासारखं. मग हसू थांबलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे मी आयुष्यभर लोकांना शब्द दिले, ते बरोबर होतं का रे? की त्यांचं शोधणंच बंद केलं मी?" मी म्हटलं, काहीतरीच काय ताई. त्यानंतर त्यांनी तोंडात लवंग धरायला सुरुवात केली. काका बोलायला लागले की लवंग दातांत दाबायची आणि गप्प बसायचं. तोंड पोळायचं. ते पोळणंही त्यांना बरं वाटत असावं.

वर्षभराने पाटील स्वतःच येऊन म्हणाले, शेडमध्ये उंदीर झालेत, काय ते बघा. मग आम्ही गिरणी पुन्हा उघडली. कुंदाताई आल्या, पण विंगेत जायला तयार नव्हत्या. संहिता दुसऱ्या मुलीच्या हातात दिली आणि स्वतः पहिल्या रांगेत बसल्या. पहिल्या तालमीत सासऱ्याला घराबाहेर काढणारी आमची ती बाई वाक्य विसरली. विंगेतली मुलगी वाक्य देणार, एवढ्यात कुंदाताई उठून स्टेजवर गेल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हस बघू. आता दोन्ही हात वर कर." बाई गोंधळली. हसली, हात वर केले. झटका ओळखायला हॉस्पिटलात बघतात तसा कुंदाताईंनी तिचा चेहरा दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि खाली येऊन बसल्या.

आम्हाला वाटलं, होईल हळूहळू कमी. झालं उलटंच. कोणीही क्षणभर थांबलं की कुंदाताई स्टेजवर. प्रयोगातसुद्धा. एका बालनाट्यात राजा प्रधानाला फाशीची शिक्षा सुनावता सुनावता थांबला, तर ह्या वर चढून राजाला हात वर करायला लावून आल्या. प्रेक्षक आधी हसले. नंतर हसेनासे झाले. पुढच्या प्रयोगाला लोक कमी आले, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. नट थांबायलाच घाबरायला लागले. विसरलं तरी काहीही बडबडत राहायचे, पण गप्प व्हायचे नाहीत. ज्या जागेतून कुंदाताईंनी भीती घालवली होती, तिथे आता त्यांचीच भीती वाटायला लागली. हे मी लिहितोय ते मला लिहवत नाही, पण तसंच होतं.

शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्यांच्याशी बोलायचं. बोलायचं कोणी, तर मी, कारण त्या माझं ऐकतात. मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी सुरुवात केली, "ताई, गिरणीत प्रयोग असतो तेव्हा... म्हणजे सगळ्यांचं म्हणणं असं पडलं की तुम्ही..." आणि मी अडलो. पुढचं वाक्य मला येत होतं, ते तोंडाबाहेर येईना. कुंदाताई माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा, जुन्यासारखं, त्यांनी मला शब्द दिले. "मी नको. असंच ना?"

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरं," आणि कप उचलून आत गेल्या. गिरणीची चावी दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीबरोबर माझ्याकडे आली. ती चावी अजून माझ्याकडे आहे. गिरणी चालू आहे, नाटकं बरी होतात, स्पर्धेत नंबरही येतो. विंगेत बसतो तो मुलगा हळू बोलतो. कोणाला ऐकू जात नाही.

कुंदाताई मला शेवटच्या भेटल्या त्या शिर्क्यांकडे. मी काकांना सहज बघायला गेलेलो. आता काका थोडं बोलायचे, एकेक शब्द, मध्ये बराच वेळ जाऊ देत. कुंदाताई त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. मला बघून "ये" म्हणाल्या, राग वगैरे काही नाही. त्यांनी भाच्याकडे नाशिकला जायचं ठरवलं होतं आणि निरोप घ्यायला आल्या होत्या. काकू स्वयंपाकघरात पोहे करत होत्या. जायच्या आधी कुंदाताईंनी काकांना ते विचारलं, जे इतके दिवस त्यांना विचारायचं होतं.

"शिर्के, त्या दिवशी स्टेजवर तुम्ही काहीतरी सांगत होतात. काय सांगत होतात?"

आतला झाऱ्याचा आवाज थांबला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं, ते "मदत" म्हणतील, काकूंना वाटलं असेल दुसरं काही, आम्ही दोघंही शब्द तोंडात घेऊन उभे होतो. कुंदाताई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. जराही हलल्या नाहीत.

"तुमचा," काका म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "आवाज. येत होता."

कुंदाताईंनी मान डोलवली.

काकांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. "धीर," ते म्हणाले. मग डाव्या हाताने गुडघा घट्ट धरून त्यांनी तो शब्द ओढून काढला. "धीर आला."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सुटल्या. आता तरी ही बाई सुटली. कुंदाताईंनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ तसाच धरला, "येते शिर्के" म्हणाल्या, आणि पोहे न खाताच निघाल्या.

मी त्यांना रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत म्हटलं, "ताई, ऐकलंत ना? आता स्वतःला दोष देणं सोडा. तुमच्या आवाजाने त्यांना धीर आला."

त्या थांबल्या. रस्त्यात इमारतीचं काम चालू होतं, सिमेंटची धूळ होती, त्यांनी पदर नाकाला लावला. म्हणाल्या, "धीर आला म्हणूनच तो बसून राहिला रे. घाबरला असता तर उठला असता, हात आपटला असता, टीपॉय पाडलं असतं. कोणीतरी धावलं असतं."

शेअर रिक्षात एक सीट भरायची राहिली होती, ड्रायव्हर "स्टेशन, स्टेशन" ओरडत होता. कुंदाताई आत सरकून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि मला हातानेच जा म्हणाल्या.